फवारा आणि वंगण

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी जळगावहून धुळ्याला आईकडे निघालो, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर पिशवीत एक डबा वेगळा होता. उंच, पत्र्याचा, डोक्यावर प्लॅस्टिकचे टोपण आणि अंगाला चिकटवलेली एक बारीक नळी. त्यात चकली नव्हती की शेव नव्हती. त्यात होता गंज सोडवणारा, कुरकुर थांबवणारा, जाम झालेले मोकळे करणारा फवारा. हल्ली हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात गल्ल्याशेजारी अशा डब्यांची रांग दिसते. मी घेतलेला डबा कोणत्या कंपनीचा होता, हे सांगण्यात अर्थ नाही. पुढे जे घडले त्यात दोष डब्याचा नव्हता, माझा होता.

त्याआधीच्या सहा महिन्यांत या फवाऱ्याने मला जिंकून घेतले होते. जळगावच्या घराचे फाटक उघडताना शेजारच्या दोन घरांना जाग येत असे; ते एका फवाऱ्यात गप्प झाले. सायकलच्या सीटचा बोल्ट चार वर्षे हलला नव्हता, तो हलला. नव्या स्टीलच्या डब्यावरच्या लेबलाचा चिकटा नखाने निघत नव्हता; तो फडक्याच्या एका हाताने निघाला. माणसाच्या हाती असे काही लागले की त्याला सगळीकडे गंज दिसू लागतो. माझेही तसेच झाले.

एरंडोल, पारोळा मागे टाकत एसटीने धुळ्याला पोचलो आणि चहा होताच कामाला लागलो. आमचे घर जुने. दाराची कडी, खिडक्यांच्या खिट्ट्या, मोरीच्या दाराच्या बिजागऱ्या, माळ्यावरच्या पेटीचे कुलूप, सगळे तक्रार करणारे. मी नळी लावायची, बटण दाबायचे, 'फुस्स' असा आवाज व्हायचा आणि तक्रार बंद. आई मागे मागे फिरून बघत होती. शेजारच्या वहिनी आपले कुलूप घेऊन आल्या. गल्लीत माझी कीर्ती झाली. आयुष्यभर खडू आणि डस्टर यापलीकडे हत्यार न धरलेल्या मास्तराला ही कीर्ती फार गोड लागते.

तिसऱ्या दिवशी माझी नजर आईच्या शिलाई मशीनवर गेली.

या मशीनबद्दल थोडे सांगायला हवे. पायाचे, काळे, अंगावरची सोनेरी नक्षी हाताच्या घामाने पुसत पुसत अर्धी उरलेले. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि धाकटी बहीण तिसरीत. त्यानंतर आमच्या घरात जे काही आले, ते या मशीनच्या सुईखालून आले. शाळेचे गणवेश, गल्लीतल्या बायकांची पोलकी, लग्नसराईत रात्री दोनपर्यंत चालणारे काम. अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेला तो आवाज हेच माझे अंगाईगीत. आता आईने ऐंशी ओलांडली आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून ती बाहेरचे काम घेत नाही. पण गल्लीत, नात्यात कुठेही बाळ जन्मले की त्याला झबले, टोपडे आणि कुंची आईच्या हातचीच, हा नेम तिने सोडलेला नव्हता.

मशीन कुरकुरत होते. मी डबा उचलला.

"अरे, त्याचं तेल आहे कपाटात. रविवारी घालणारच आहे मी," आई म्हणाली.

"आई, तेल जुनं झालं आता. हे बघ," असे म्हणून मी वरच्या सगळ्या भोकांत, सुईच्या दांडीवर, खाली शटलमध्ये आणि पायडलच्या दोन्ही टोकांना मनसोक्त फवारले. खाली काळे पाणी गळले. ती घाण निघते आहे असे समजून मी आणखी फवारले. आईने पाय ठेवला आणि मशीन असे पळाले की ती स्वतःच हसली. "लोण्यासारखं चाललंय रे!" मी डबा तिच्याकडेच ठेवला. "कुरकुरलं की दाब. तेलाच्या भानगडीत पडू नकोस," असा सल्ला देऊन जळगावला परतलो.

मकरसंक्रांतीला बहिणीचा फोन आला. तिच्या पुतणीला मुलगी झाली होती. "दादा, आईने झबलं शिवलं नाही. विकतचं पाठवलंय." मला नवल वाटले, पण वय झाले असेल म्हणून सोडून दिले. आईला फोन केला तर तीही तेच म्हणाली, "आता होत नाही रे. पायातलं बळ गेलं. दोन शिवणी घातल्या की पोटऱ्या भरून येतात. मशीनवर चादर टाकून दिली आहे."

फाल्गुनात धुळ्याला गेलो. ती चादर काढली आणि सहज चाकाला हात लावला. चाक फिरेना. जोर लावला तेव्हा दाते ओढत असल्यासारखे, करकरत अर्धा फेरा फिरले. मी तिथेच खाली बसलो. आईच्या पायातले बळ गेलेले नव्हते. मशीन जड झाले होते. दोन महिने ती बाई त्या जड मशीनवर पाय मारत होती आणि दोष आपल्या म्हातारपणाला देत होती. मध्ये दोनदा तिने माझ्या सांगण्याप्रमाणे डबाही दाबला होता. दर वेळी मशीन दोन दिवस हलके चाले आणि मग आधीपेक्षा जड होई.

धुळ्यातल्या एका गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. वयाने साठीपुढचे, तोंडात अस्सल अहिराणी. त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी मशीनचे डोके मागे कलते केले, खाली बोट फिरवले, बोटाला लागलेला तपकिरी चिकटा नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिले. मी न बोलता डबा पुढे केला.

"हाई तेल नही शे, भाऊ," ते म्हणाले.

मला वाटले, आता ते डबा फेकून देतील. पण पुढे जे झाले, त्याचसाठी हा लेख लिहायला बसलो आहे. मिस्त्रींनी तोच डबा हातात घेतला, नळी लावली आणि एकेका भोकात थोडा थोडा फवारा मारला. मग चाक मागे-पुढे हलवत राहिले. पाच मिनिटांनी परत. शटल आणि बॉबिन केस खोलून बाहेर काढली, जुन्या दातांच्या ब्रशने घासली. दातऱ्याखाली अडकलेला सुती लोंबा चिमट्याने उपसला. तो नमद्यासारखा घट्ट झाला होता. चिंधीने प्रत्येक सांधा पुसून कोरडा केला. मग मशीन उन्हात ठेवून चहा घेतला. आणि त्यानंतर आईच्या कपाटातली ती छोटी तेलाची कुपी मागून घेतली. प्रत्येक भोकात एक किंवा दोन थेंब, शटलच्या कडेला एकच थेंब. चामड्याच्या पट्ट्याला तेल लागू नये म्हणून तो आधीच काढून ठेवला होता. शेवटी एका चिंधीवर दोन-तीन मिनिटे रिकामे मशीन चालवले, जादा तेल त्या चिंधीत उतरले.

"डबा वाईट नही शे. अर्धं काम करं तुम्ही," मिस्त्री म्हणाले. डबा वाईट नाही, तुम्ही काम अर्धेच केलेत.

गेल्या तीन वर्षांत या विषयावर जे काही वाचले, मेकॅनिकांना विचारले, स्वतः करून पाहिले, त्याचे सार या एका वाक्यात मावते. उघडणे वेगळे आणि चालते ठेवणे वेगळे. फवारा उघडतो. चालते ठेवतो तो तेलाचा थेंब, नाहीतर ग्रीसचा गोळा. मी पहिल्यालाच दुसरे समजलो होतो.

या फवाऱ्यांचा जन्मच मुळी तेल म्हणून झालेला नाही. यांतला जगभर सर्वांत प्रसिद्ध असलेला डब्ल्यूडी-४० हा १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात रॉकेट केमिकल कंपनी नावाच्या एका लहानशा कारखान्यात तयार झाला. त्या काळात अमेरिका अॅटलास नावाची क्षेपणास्त्रे बांधत होती आणि त्यांच्या पातळ पत्र्याला दमटपणामुळे गंज चढू नये, अशी एक वस्तू हवी होती. धातूवरचे पाणी बाजूला सारून स्वतः तिथे पातळ थर देऊन बसेल, असे द्रावण त्यांना साधले ते चाळिसाव्या प्रयत्नात. नावातल्या डब्ल्यू आणि डी या अक्षरांचा अर्थच 'पाणी हटवणारे' असा आहे आणि ४० हा त्या प्रयत्नाचा क्रमांक. १९५८ पासून तो फवाऱ्याच्या डब्यात भरून दुकानांत आला आणि इतका खपला की १९६९ साली कंपनीने आपले नावच बदलून त्या मालाचे नाव घेतले. म्हणजे वस्तू जन्मली पाणी हटवायला. कुरकुर थांबवणे, नट सोडवणे हे उपयोग लोकांनी नंतर शोधले.

अशा फवाऱ्यात ढोबळमानाने दोन गोष्टी असतात. एक, पेट्रोलियमपासून काढलेले अतिशय पातळ, उडून जाणारे द्रावण. दोन, थोडे हलके खनिज तेल. पातळपणामुळे हे मिश्रण, समईची वात तेल वर ओढते तसे, केसाएवढ्या फटीतही आपोआप शिरते. तिथला गंज आणि जुना चिकटा सैल करते. मग पातळ भाग उडून जातो आणि मागे राहतो तेलाचा एक झिरझिरीत पापुद्रा. दाराच्या बिजागरीला तेवढा पुरतो, कारण दार दिवसातून वीस-तीस वेळा, तेही सावकाश फिरते. शिलाई मशीनची सुई मात्र मिनिटाला शेकडो वेळा खाली-वर होते. तिथे तो पापुद्रा टिकत नाही. शिवाय फवाऱ्याने आधीचे चांगले तेलही विरघळवून खाली गाळलेले असते. मी पाहिलेले ते 'काळे पाणी' म्हणजे नुसती घाण नव्हती. त्यात आईने दर रविवारी घातलेले तेलही होते. उरलेल्या चिकट्यावर सुताची धूळ बसली, आणि आमच्या धुळ्याच्या तर नावातच धूळ आहे. त्याचा झाला लांबी भरल्यासारखा लगदा.

आपल्या जुन्या माणसांना हा फरक पुस्तक न वाचता कळत होता. आजोबांच्या बैलगाडीला बांबूची एक नळी टांगलेली असे, वंगणाची. एरंडेलात जाळलेल्या चिंध्यांची राख कालवून केलेले ते काळे, दाट वंगण लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी चाक काढून कण्यावर चोपडले जाई. ते पातळ का नाही, असे मी एकदा विचारले होते. आजोबा म्हणाले, "पातळ असेल तर वाटेवर पडेल, चाकात राहील का?" यापेक्षा सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. वंगणाचे पहिले काम शिरणे हे नव्हे, तर जागेवर राहणे.

माझे एक काका भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्या उमेदवारीच्या काळात मालगाडीच्या डब्यांच्या आसाला आजच्यासारखे ग्रीस भरून बंद केलेले रोलर बेअरिंग नसत. आसाच्या टोकावर एक पेटी असे, तीत तेलात भिजवलेला सुताचा चोथा ठासलेला. गाडी स्थानकात आली की माणसे पेटीला हाताची उलटी बाजू लावत पुढे जात. चटका बसला तर आस तापला, म्हणजे तेल कमी. तो डबा गाडीतून काढावा लागे. तेल आहे की नाही हे रोज हात लावून बघणारा माणूस तिथे पगारावर होता. आमच्या घरात ते काम आई दर रविवारी करत होती आणि मी येऊन ते एका 'फुस्स'मध्ये बंद पाडले.

हा विषय शास्त्रज्ञांच्याही लेखी क्षुल्लक नाही. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव १९६६ साली ब्रिटनमधल्या एका सरकारी अहवालात मिळाले. पीटर जोस्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने हिशेब मांडला होता की, वंगणाकडे नीट लक्ष दिले तर त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील. अख्ख्या देशाचे जे होते, तेच एका घराचे.

मग फवारा घरात ठेवूच नये का? असे मी म्हणणार नाही. त्याचे खरे कौतुक मी पाहिले ते रावेरकडे, मामेभावाच्या केळीच्या बागेत. वैशाखातले दिवस. जळगाव-भुसावळ पट्ट्यात त्या दिवसांत पारा ४५ अंशांपुढे जातो आणि केळीला दोन दिवस पाणी चुकले तर पाने माना टाकतात. बोअरमधली मोटार बंद पडलेली. पाइप वर काढायचे तर जोडावरचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. गडी पाना लावून झोंबू लागला. जोर लावला असता तर बोल्टचे डोके तुटले असते. आम्ही तारेच्या ब्रशने वरचा गंज काढला, फवारा मारला, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके दिले, म्हणजे फटीतून तो आत उतरतो. तासाभराने पुन्हा, रात्री झोपताना पुन्हा. सकाळी पहिल्या जोडाच्या चार बोल्टपैकी तीन हाताच्या जोराने सुटले. चौथा छन्नीने तोडावा लागला. पण चारही तोडायचे तर दिवस गेला असता. पाइप परत उतरवताना नव्या बोल्टच्या आट्यांना भावाने बोटाने ग्रीस चोपडले. पुढच्या वेळची सोय ती. फवारा आणि ग्रीस या दोघांची वाटणी तिथे अगदी स्पष्ट होती. त्यात तिसरी गोष्टही होती, ती म्हणजे रात्र. हा फवारा जादू नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देण्याचा धीर डब्यातून मिळत नाही.

पावसाळ्यात स्कूटर भिजून सुरू होत नसेल तर इंजिन बंद आणि थंड असताना प्लगच्या टोपणावरचे पाणी हटवायला, बागेतली विळी, कात्री, पाने मृगाच्या आधी पुसून ठेवायला, डांबराचा डाग किंवा लेबलाचा चिकटा काढायला तो उत्तम. म्हणजे जिथे काम 'सोडवण्याचे' आहे, तिथे तो मित्र.

आता जिथे तो मित्र नाही, अशा जागा. यांतल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

पहिली म्हणजे कुलूप. फवाऱ्याने जाम कुलूप उघडते हे खरे, पण आतल्या ओलसर पापुद्र्यावर खान्देशातली धूळ बसते आणि उन्हाळा संपेतो ते दुप्पट जाम होते. शेजारच्या वहिनींचे कुलूप होळीला परत आले! कुलपाला कोरडे वंगण हवे. शिसपेन्सिलीचे शिसे किसून किल्लीला चोळले आणि किल्ली चार-पाचदा आत-बाहेर केली तर बरेचदा काम भागते.

दुसरा पंखा. पंखा मंद झाला की लोक स्टुलावर चढून वरून फवारा मारतात. पंख्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीस असते. पातळ द्रावण आत गेले तर ते ग्रीस सैल होऊन बाहेर येते, आणि बेअरिंगचा आवाज वाढतो. बेअरिंग वाजत असेल तर ते बदलावे लागते. आणि पंखा न वाजता नुसता हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतोच, कंडेन्सर उतरलेला असतो. त्याची किंमत फवाऱ्याच्या डब्याहून पुष्कळ कमी आहे.

तिसरा कूलर, आणि जळगावात कूलरशिवाय मे महिना काढणे अवघड. पंप अडकला, नळाची तोटी घट्ट झाली, की आपण गंज समजतो. पण आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तो बहुधा गंज नसतो, पांढरा क्षार असतो. क्षाराला तेल काय करणार? त्याला आंबट हवे. पंप विजेपासून सोडवून, त्याचे पाण्यातले भाग लिंबूसत्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवले की क्षार सुटतो. तसेच पावसाळ्यात दार चौकटीत अडकले तर बिजागरीवर डबा रिता करून उपयोग नाही. लाकूड फुगलेले असते, त्याला सुताराचा रंधा नाहीतर ऑक्टोबरचे ऊन.

चौथी जागा स्वयंपाकघर, आणि इथे गंमत नाही. हा फवारा पेटणारा आहे. आतले द्रावण पेटते आणि पुष्कळ डब्यांत ते बाहेर ढकलणारा वायूही पेटणारा असतो. शेगडी चालू असताना जवळपास तो मारू नये. गॅसचा रेग्युलेटर घट्ट बसतो म्हणून त्याला तेल किंवा फवारा कधीही लावू नये. अडचण असेल तर एजन्सीच्या माणसाला बोलवावे. कुकरच्या रबराला लावू नये, कारण पेट्रोलियमने बरेचसे रबर फुगते, आणि ते अन्नाला लागते ते वेगळेच. विजेचे बटण कडकडते म्हणून चालू बोर्डावर फवारणारे लोक मी पाहिले आहेत; ठिणगी आणि हा फवारा यांची भेट घडवू नये. सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या ब्रेकला, डिस्कला तर चुकूनही नाही. तिथे घर्षण हेच आपले संरक्षण असते. सगळीच कुरकुर थांबवायची नसते, हे तिथे ध्यानात येते.

सायकलची चेन हा मधला मामला. चेन धुवायला फवारा चांगला, पण धुऊन, पुसून, वाळल्यावर तिला नेहमीचे तेल द्यायलाच हवे. फवाऱ्यावर सोडलेली चेन आठवडाभरात पुन्हा बोलू लागते.

एक शेवटची गोष्ट खान्देशासाठी खास. या डब्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नका. सावलीत पारा ४५ असतो, तेव्हा उन्हात उभ्या बंद मोटारीत, पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवरच्या माळ्यावर तो ५० कधीच ओलांडतो. डबा घराच्या थंड कोपऱ्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. मी तो उन्हाळाभर स्कूटरच्या डिकीत घेऊन फिरत होतो. आता आठवले की अंगावर काटा येतो.

पुन्हा त्या फाल्गुनातल्या दुपारकडे येतो. मिस्त्रींनी हत्यारे पिशवीत भरली, पट्टा चढवला आणि आईला म्हणाले, "बसा, माय." आई म्हणाली, "नको, माझ्या पायात आता काही राहिलं नाही." ते म्हणाले, "बसीसन तं देखा." ती बसली. सवयीने पदर सावरला, चाकाला उजव्या हाताने हलका धक्का दिला आणि पाय दाबला. मशीन निघाले. फवाऱ्यानंतर झाले होते तसे बेफाम नाही, तर जुन्या, भरल्या आवाजात. तिने एक चिंधी घेतली, तिच्यावर एक शिवण घातली, मग दुसरी, मग तिसरी. मला वाटले ती हसेल. ती हसली नाही. थोडा वेळ तशीच पायडलवर पाय ठेवून बसली आणि मग एवढेच म्हणाली, "म्हणजे पाय बरे आहेत माझे."

त्या वाक्याने मला जे वाटले, ते अजून शब्दांत मांडता येत नाही. बिघडलेले मशीन दुरुस्त होते. पण माणसाने आपण संपलो असे एकदा मानले, की ते कोणत्या मिस्त्रीकडे न्यायचे? वेळीच ती चादर उचलली गेली, हे आमचे नशीब.

तेव्हापासून जळगावच्या आमच्या घरात डब्याशेजारी एक तेलाची कुपी आणि ग्रीसची एक छोटी डबी असते. फवारा मारून झाला, की मी स्वतःला विचारतो, सोडवायचे होते की चालवायचे? चालवायचे असेल तर पुसून घेऊन थेंब टाकतो. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आईला फोन करतो. ती घाईत असते. "थांब जरा, हात तेलाचे आहेत," म्हणते. बहिणीच्या पुतणीच्या मुलीला कुंची उशिरा मिळाली, तोवर डोके मोठे झाले होते. आईने ती परत मागवून उसवली आणि कळी घालून पुन्हा शिवून दिली.